उघडता येईल असं वाद्य: आंद्रेआ आमातीचं व्हायोलिन

जुलैतल्या एका सकाळी रियाझासाठी पेटी उघडली आणि व्हायोलिन हातात घेतलं, तर त्याच्या कमरेपाशी वरची फळी कडेच्या पट्टीपासून सुटलेली दिसली. नखाची कड आत जाईल एवढीच फट होती. लाकूड कुठेही चिरलं नव्हतं, फक्त जोड सुटला होता. तरी माझ्या पोटात गोळा आला. तशीच रिक्षा करून मुंबईतल्या एका गोवेकर अंकलकडे गेले. जुनी व्हायोलिनं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं.

मला वाटलं होतं, फटीत थोडा सरस भरतील आणि शिकंजा लावून देतील. त्यांनी वाद्य कानाजवळ धरलं, बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक केली, दोन ठिकाणी मान हलवली. मग एक पातळ, बोथट सुरी त्या फटीत सरकवली आणि पुढे नेऊ लागले. सुकलेला सरस कट्कट् आवाज करत सुटत होता.

"अंकल, फाटेल ना ते!"

"फाटत नाय गो. उघडण्यासाठीच केलंय ते."

पाच-दहा मिनिटांत डब्याचं झाकण निघावं तशी वरची फळी निघून आली. आत कोपऱ्यात धुळीची लोकरीसारखी गोळी, एक बारीकसा लाकडी दांडा, आणि पाठीच्या आतल्या बाजूला आधीच्या कुणा कारागिराने पेन्सिलीने घातलेली एक खूण. वीस वर्षं जे वाद्य मी खांद्याला लावत होते त्याचं पोट मी पहिल्यांदा पाहिलं.

"उघडण्यासाठीच केलंय" हे वाक्य डोक्यातून जाईना. व्हायोलिनची रचना अशी का आहे, ती कुणी ठरवली, हे शोधत गेलं की वाट इटलीतल्या एका गावात येऊन थांबते. तिथे सोळाव्या शतकात राहणाऱ्या एका माणसाचं नाव, त्याच गावच्या नंतरच्या स्त्रादिवारी या जगप्रसिद्ध व्हायोलिनकाराच्या मानाने, फार थोड्यांना ठाऊक असतं: आंद्रेआ आमाती.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायला हवी. व्हायोलिन एका माणसाने एका दिवशी शोधून काढलं असं झालेलं नाही. युरोपात त्याआधी गजाने वाजवायची निरनिराळी वाद्यं होतीच. नासपतीच्या आकाराचं, एकाच लाकडातून कोरलेलं रिबेक होतं. वरची-खालची फळी वेगळी करून जोडलेली फिडल होती. उत्तर इटलीतल्या दरबारांत गाण्याला साथ करणारं लिरा दा ब्राच्चो होतं, आणि त्याचा घाट व्हायोलिनच्या बराच जवळ आलेला होता. सव्हॉय दरबाराच्या १५२३ सालच्या हिशेबात वेर्चेल्ली गावच्या कर्णेवाल्यांना आणि 'व्हियोलों' वाजवणाऱ्यांना पैसे दिल्याची नोंद आहे. म्हणजे नाव रुळलेलं होतं. त्याच वेर्चेल्लीत गौदेन्झिओ फेर्रारी या चित्रकाराने १५३० च्या सुमारास रंगवलेल्या एका चित्रात मेरीच्या पायाशी एक बाळदेवदूत छोटं वाद्य वाजवत बसला आहे. त्याला तीनच तारा आहेत, पण आज कुणालाही दाखवलं तर तो व्हायोलिनच म्हणेल.

मग आमातीने काय केलं? कल्पना हवेत होती. तिला मोजमाप, प्रमाण आणि पद्धत देऊन पुन्हा पुन्हा तशीच घडवता येईल अशी वस्तू करणं हे त्याचं काम. माझ्या मते हेच जास्त अवघड.

क्रेमोना हे पो नदीच्या काठचं, सपाट मैदानातलं गाव. तिथल्या कॅथेड्रलशेजारचा ११२ मीटर उंचीचा विटांचा मनोरा लांबूनही दिसतो. आंद्रेआ इथे १५०५ च्या आसपास जन्मला. त्याचं तरुणपण आपल्याला कळतं ते एका कोरड्या सरकारी कागदातून. १५२६ सालच्या शिरगणतीत जॉव्हान्नी लेओनार्दो दा मार्तिनेंगो नावाच्या वाद्यकाराच्या घरात राहणाऱ्या माणसांत आंद्रेआ आणि त्याचा भाऊ जॉव्हान्नी अंतोनियो यांची नावं आहेत. विशीतला मुलगा उस्तादाच्या घरी राहून, त्याच्याच पंगतीला जेवून काम शिकतोय, असं हे चित्र. आपल्याकडे गुरुगृही राहून गाणं शिकत, त्याच्याशी ते अगदी जुळतं.

या एका नोंदीने जुना वादही निकालात काढला. एकोणिसाव्या शतकात अनेक लेखक व्हायोलिनचं जनकत्व ब्रेशा गावच्या गास्पारो दा सालोला देत. ब्रेशा क्रेमोनाहून पन्नासेक किलोमीटरवर, आणि गास्पारोची वाद्यं, त्यातही त्याचे मोठे व्हियोला (व्हायोलिनची थोरली, खालच्या सुरांची बहीण) आणि डबल बास, खरोखर थोर. पण त्याचा जन्म १५४० चा. तो पाळण्यात होता तेव्हा आंद्रेआने क्रेमोनातल्या सान फाउस्तिनो वस्तीत स्वतःचं घर आणि कारखाना थाटलेला होता. पुढे त्याची मुलं, नातू आणि पणतू त्याच गावात हे काम करत राहिले. १५७७ अखेर आंद्रेआ वारला तेव्हा त्याने जवळजवळ चाळीस वर्षं स्वतंत्रपणे काम केलं होतं. त्यातली आज विसाच्या आसपास वाद्यं उरली आहेत.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे येऊ.

व्हायोलिनची बाह्यरेषा बघितली की ती हाताने, मनाला येईल तशी काढली असावी असं वाटतं. तसं नाही. ती पट्टी आणि कंपासने काढलेली आहे. आधी लांबी ठरवायची, तिचे ठरावीक भाग पाडायचे, त्या भागांवर कंपासचं टोक रोवून लहानमोठ्या वर्तुळांचे कंस काढायचे आणि ते एकमेकांत मिसळून द्यायचे. वरचा फुगवटा, खालचा मोठा फुगवटा आणि मधली कंबर या सगळ्यांची नाती आकड्यांची. त्या काळच्या इटलीत देवळाची कमान असो की पुस्तकातल्या अक्षराचं वळण, कंपास आणि प्रमाण हीच कारागिरांची भाषा होती. आंद्रेआ तीच बोलत होता. कंबर मात्र नुसती शोभेची नाही. कडेच्या तारेवर गज तिरका धरावा लागतो, तेव्हा तो वाद्याच्या अंगाला घासू नये म्हणून दोन्ही बाजूंनी जागा कापलेली आहे.

हा आराखडा लाकडात उतरवायची क्रेमोनाची रीत म्हणजे आतला साचा. जाड फळीचा, व्हायोलिनच्या आतल्या पोकळीच्या आकाराचा साचा करायचा. त्याला वर, खाली आणि चार कोपऱ्यांत मिळून सहा ठोकळे हलकेच चिकटवायचे. मेपलच्या जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ओल्या करून, तापलेल्या लोखंडावर वाकवून त्या ठोकळ्यांना सरसाने जोडायच्या. कडेची भिंत अशी उभी राहिली की तिच्यावरून पाठीची, म्हणजे खालच्या फळीची, आणि पोटाची, म्हणजे वरच्या फळीची, रेषा काढायची. शेवटी साचा काढून घ्यायचा, म्हणजे पुढच्या वाद्याला तो तयार. आमातीचे साचे आज नाहीत, पण याच पद्धतीचे स्त्रादिवारीचे लाकडी साचे क्रेमोनाच्या संग्रहालयात ठेवलेले आहेत, त्यावरून हे काम कसं चालायचं ते डोळ्यांना दिसतं.

पाठ मेपलची, पोट स्प्रूसचं. मेपल कठीण आणि घट्ट, त्याच्या पृष्ठभागावर उजेडात हलल्यासारखे वाटणारे आडवे पट्टे असतात. आल्प्सच्या थंडीत सावकाश वाढलेला स्प्रूस हलका, पण रेषेच्या दिशेने विलक्षण ताठ. या दोन्ही फळ्यांना जो उठाव असतो तो वाकवून आणलेला नसतो. जाड फळी घेऊन आधी गोल पटाशीने बाहेरून डोंगरासारखा आकार कोरायचा, मग उलटी करून आतून पोखरायची. पोटाची जाडी शेवटी अडीच-तीन मिलिमीटर उरते. पाठ मध्यभागी जाड आणि कडेकडे पातळ. तारांचा ताण घोडीवाटे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या उभ्या लाकडी तुकड्यावाटे, सतत खाली दाबत असतो. आजच्या तारांचा एकूण ताण वीस किलोच्या वर जातो. चारशे-साडेचारशे ग्रॅमची पोकळ वस्तू हा भार वर्षानुवर्षं पेलते ती या कमानीच्या जोरावर. पूल कमानीवर उभा राहतो, तेच तत्त्व.

कडेने जाणारी काळी-पांढरी-काळी बारीक रेघ कधी नीट पाहिली आहे का? स्वस्त वाद्यांवर ती नुसती रंगवलेली असते. चांगल्या व्हायोलिनमध्ये कडेपासून थोड्या अंतरावर सुरीने बारीक चर खणून त्यात लाकडाच्या तीन पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात. ती नक्षी आहेच, पण कुंपणही आहे. वाद्य कुठे आपटलं आणि कडेला चीर पडली, तर ती लाकडाच्या रेषेने आत धावते. या चरापाशी येऊन ती बहुतेकदा थांबते.

आणि कड. व्हायोलिनच्या दोन्ही फळ्या कडेच्या भिंतीच्या किंचित बाहेर आलेल्या असतात, घराच्या वळचणीसारख्या. अंकलनी सुरी घातली ती इथेच. फळी भिंतीशी तंतोतंत बसवलेली असती, तर प्रत्येक वेळी उघडताना तिची कड झिजली असती आणि परत लावताना अर्ध्या मिलिमीटरचा फरकही दिसला असता. लाकूड पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात आटतं, पण बाहेर आलेली कड हा सगळा फरक पोटात घेते. जोड सरसाचा, म्हणजे जनावराच्या कातड्यापासून काढलेल्या डिंकाचा. तो घट्ट धरतो, पण पोट जोडताना कारागीर तो मुद्दाम पातळ लावतो. ताण फार वाढला तर आधी सरसाने सुटावं, लाकडाने फाटू नये, असा हा हिशेब. माझ्या व्हायोलिनची फट म्हणजे बिघाड नव्हताच. वाद्याने स्वतःला वाचवलं होतं.

सरस काही आमातीने शोधला नाही. ल्यूट हे छेडून वाजवायचं तंतुवाद्य बनवणारेही तोच वापरत. पण कमान, चर, पुढे आलेली कड, आतले ठोकळे हे सगळं एका ठिकाणी, एका प्रमाणात, आज आपण ओळखतो त्या रूपात दिसतं ते त्याच्या हातच्या वाद्यांत.

आवाज कसा तयार होतो, तेही याच रचनेत दडलेलं आहे. तार एकटी फारसा आवाज करत नाही. ती इतकी बारीक आहे की हवेला ढकलूच शकत नाही. गज तारेला आडवी हलवतो, त्यामुळे घोडी या पायावरून त्या पायावर डुलते. घोडीच्या एका पायाच्या जरा मागे, आतमध्ये, पोट आणि पाठ यांच्यामध्ये स्प्रूसचा सहाएक मिलिमीटर जाडीचा दांडा उभा असतो. माझ्या व्हायोलिनच्या पोटात दिसला तोच. तो चिकटवलेला नसतो, नुसत्या दाबाने उभा राहतो. त्याच्यामुळे घोडीचा तो पाय जवळजवळ जागच्या जागी राहतो, आणि दुसरा पाय फळीला वर-खाली हलवू लागतो. त्या पायाखाली आतून एक लांब लाकडी पट्टी चिकटवलेली असते, ती हे हलणं फळीभर पसरवते. फळी भात्यासारखी हलते, आतली हवा दाबली-सोडली जाते आणि दोन भोकांतून आत-बाहेर करते. तारेची आडवी थरथर अशी हवेच्या लाटेत बदलते. तो दांडा काढून घ्या, व्हायोलिन पोकळ, दुबळं वाजतं. इटालियनमध्ये त्याला 'ॲनिमा' म्हणतात, म्हणजे आत्मा. अंकल त्याला नुसतं 'जीव' म्हणत होते. "जीव थोडा सरकलाय," ते म्हणाले, आणि पुढे तो केसभर इकडे-तिकडे करण्यात त्यांनी अर्धा तास घातला.

ती दोन भोकं इंग्रजी 'एफ' अक्षरासारखी का? गोल का नाहीत? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१५ साली याचं उत्तर मांडलं. भोकातून जाणारी हवा मधून कमी आणि काठाकाठाने जास्त वेगाने वाहते. म्हणून महत्त्व क्षेत्रफळापेक्षा काठाच्या लांबीला. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या गोल भोकापेक्षा लांब, चिंचोळी फट खालच्या सुरांना जास्त जोर देते. जुन्या वाद्यांत गोल भोक, मग अर्धचंद्र, मग 'सी', मग 'एफ' असा हा प्रवास झाला. आमाती, स्त्रादिवारी, ग्वार्नेरी यांच्या घराण्यांतली ४७० वाद्यं मोजून त्यांनी दाखवलं की दोनशे वर्षांत ही फट हळूहळू लांबत गेली. हातून सहज होणाऱ्या छोट्या फरकांतून, चांगलं वाजलेलं वाद्य पुढे नमुना म्हणून वापरलं गेल्याने हे झालं असावं, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र यातला कान महत्त्वाचा वाटतो. कुठलं वाद्य नमुना म्हणून ठेवायचं हे कुणीतरी ऐकूनच ठरवलं असणार.

आमातीची कीर्ती पसरली ती फ्रान्समुळे. त्या काळी व्हायोलिनला प्रतिष्ठा नव्हती. ल्यों शहरात १५५६ साली छापलेलं एक संगीताचं पुस्तक सांगतं की सभ्य लोक आपला वेळ घालवायला व्हिओल हे पडदे असलेलं, गजाने वाजवायचं वेगळं वाद्य वाजवतात, तर व्हायोलिन नाचाला लागतं, नेआण करायला सोपं, लग्नाच्या मिरवणुकीत चालता चालता वाजवता येतं, आणि ते वाजवणारे बहुतेक त्यावरच पोट भरणारे असतात. वरातीतलं वाद्यच ते. त्याच पुस्तकात चार तारांची जुळणीही दिली आहे: प्रत्येक तार शेजारच्या तारेचा पंचम. म्हणजे तोवर चौथी तार आली होती.

हे वाद्य राजवाड्यात नेलं ते कातरीन द मेदिची या जन्माने इटालियन असलेल्या फ्रान्सच्या राणीने आणि तिच्या दरबाराने. तिचा मुलगा नववा शार्ल १५६० साली, अवघ्या दहाव्या वर्षी गादीवर बसला. त्याच्या दरबारासाठी आंद्रेआने वाद्यांचा अख्खा ताफा केला. परंपरेने आकडा सांगितला जातो तो ३८ चा: १२ मोठी व्हायोलिनं, १२ लहान, ६ व्हियोला आणि ८ बास. पाठीवर राजचिन्ह आणि मुकुट, कडेच्या भिंतीवर सोन्याच्या अक्षरांत लॅटिन बोधवाक्य, 'धर्मनिष्ठेने आणि न्यायाने'. त्यातलं १५६४ चं एक व्हायोलिन ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. मान सोडून त्याच्या अंगाची लांबी ३४ सेंटिमीटरच्या आसपास. आजचं पूर्ण मापाचं व्हायोलिन साडेपस्तीसच्या जवळ असतं, आणि आमातीने त्या मोठ्या मापाचीही केली. साडेचारशे वर्षांत फरक पडला तो एका बोटाच्या रुंदीएवढा! १५७२ च्या फ्रेंच दरबारी हिशेबात एका वादकाला 'क्रेमोनाचं व्हायोलिन' घ्यायला ५० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) दिल्याची नोंद आहे. पैठणी म्हटलं की गाव आणि वस्तू एकच होतात, तसं आंद्रेआच्या हयातीतच क्रेमोनाचं झालं होतं.

राजाच्या ताफ्यातली बहुतेक वाद्यं पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत गेली. उरलेल्यांपैकी एकाजवळ जरा थांबूया, कारण उघडता येणाऱ्या वाद्याचं सुख आणि दुःख दोन्ही त्याच्या अंगावर लिहिलेलं आहे. अमेरिकेत साउथ डकोटा राज्यातल्या व्हर्मिलियन गावच्या संगीत संग्रहालयात 'किंग' नावाचा चेलो (व्हायोलिनच्याच घरातलं, बसून पायांमध्ये धरून वाजवायचं मोठं वाद्य) आहे, आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या चेलोंपैकी एक. त्याच्या अंगावर मुकुट आणि 'के' हे अक्षर आहे, राजाच्या कारोलुस या लॅटिन नावातलं. पण पाठीवरची चित्रं नीट पाहिली तर ती मधूनच तुटलेली दिसतात. जणू कापडाची मधली पट्टी काढून दोन काठ शिवून टाकले आहेत. तसंच झालं आहे. १८०१ च्या सुमारास हे वाद्य उघडून, कापून लहान केलं गेलं.

कारण तारांचं आहे. आंद्रेआच्या काळात तारा मेंढीच्या आतड्याच्या, म्हणजे तातीच्या. खालचा सूर हवा तर तात लांब तरी हवी किंवा जाड तरी. फार जाड तात बद्द वाजते, म्हणून बास वाद्य मोठं करावं लागे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तातीवर बारीक धातूची तार गुंडाळायची युक्ती आली. तार बारीक राहूनही जड झाली, आणि तेवढाच खालचा सूर लहान वाद्यातून येऊ लागला. चेलो लहान झाले, वादकांच्या बोटांना वेग आला. मग जुने मोठे बास अडगळीत टाकण्यापेक्षा लोकांनी ते कापून घेतले. 'किंग'वरची तुटलेली चित्रं पाहिली की वाईट वाटतं. पण कापलं नसतं, तर ते वाजवायला कुणी हातात घेतलं नसतं आणि कदाचित ते आज नसतंच.

व्हायोलिनांचंही तेच. आमातीने मान आखूड आणि जवळजवळ सरळ लावली होती, आतल्या ठोकळ्यातून लोखंडी खिळे मारून. १८०० च्या आगेमागे मोठी सभागृहं आली, सूर चढला, जोरकस आवाज हवासा झाला. तेव्हा जवळपास प्रत्येक जुनं व्हायोलिन उघडलं गेलं. मान काढून लांब आणि मागे झुकलेली नवी मान बसवली, आतली पट्टी बदलून दणकट घातली. गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला जुना शेंडा मात्र जपून कापून नव्या मानेला जोडला. म्हणून आज आमातीचं व्हायोलिन ऐकताना पोट, पाठ, भिंती, शेंडा आणि सोनेरी-तपकिरी रोगण त्याचं असतं. मान, घोडी, तारा आणि आतला जीव इतरांचा. चार शतकांतल्या अनेक हातांनी मिळून ते वाद्य वाजतं ठेवलेलं आहे.

आंद्रेआनंतर काम अंतोनियो आणि जिरोलामो या मुलांकडे गेलं. ते 'आमाती बंधू' म्हणून ओळखले जातात. मग १६३० साल उजाडलं आणि उत्तर इटलीत प्लेगने थैमान घातलं. जिरोलामो त्यात गेला. त्याचा मुलगा निकोलो तेव्हा ३४ वर्षांचा होता, आणि क्रेमोनात ही विद्या नीट जाणणारा जवळजवळ तो एकटाच उरला. घराण्याची विद्या घराबाहेर जाऊ द्यायची नाही, हा तोवरचा रिवाज. निकोलोने परक्या मुलांना घरात घेतलं. १६४१ च्या नोंदीत त्याच्या घरात राहणाऱ्यांत आंद्रेआ ग्वार्नेरी आहे. त्याच्याच नातवाचं व्हायोलिन पुढे पागानीनी या विख्यात वादकाने युरोपभर गाजवलं. १६६६ च्या एका व्हायोलिनमधल्या चिठ्ठीवर स्त्रादिवारी स्वतःला निकोलो आमातीचा शिष्य म्हणवतो. तो खरंच त्या घरात राहून शिकला की नाही यावर जाणकार वाद घालतात. पण त्याची सुरुवातीची वाद्यं आमातीच्या वळणाची आहेत, याबद्दल वाद नाही. प्लेगच्या त्या वर्षी निकोलोही गेला असता, तर स्त्रादिवारी कुणाकडे पाहून शिकला असता?

आपल्यापर्यंत हे वाद्य आलं त्याची एक वाट गोव्यातून आली. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत मुलांना सुरलिपी आणि व्हायोलिन शिकवत, आणि तिथून निघालेले वादक पुढे मुंबईच्या सिनेसंगीताचा कणा झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. दुसरीकडे गजाननबुवा जोशी, वि. गो. जोग, दा. का. दातार यांनी त्याच वाद्यावर ख्याल वाजवला. मांडी घालून बसायचं, शेंडा पायाच्या घोट्यावर टेकवायचा आणि तारा आपल्या षड्ज-पंचमाला लावायच्या. वाद्याच्या अंगात काहीही बदलावं लागलं नाही. याला कारण व्हायोलिनच्या रचनेतली एक न घातलेली गोष्ट आहे: पडदे. सभ्य लोकांच्या व्हिओलला पडदे होते, वरातीतल्या व्हायोलिनला नव्हते. बोट तारेवरून कुठेही सरकू शकतं, म्हणून मींड येते, म्हणून कोमल ऋषभ रागाला हवा तेवढा उतरतो. क्रेमोनात राग ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं, पण जागा मोकळी ठेवलेली होती.

आज क्रेमोनात पुन्हा व्हायोलिन बनवणाऱ्यांचे कारखाने आहेत, आणि त्यांच्या कारागिरीची नोंद युनेस्कोने २०१२ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. २०१९ च्या जानेवारीत त्या गावाने एक वेगळंच काम केलं. जुन्या वाद्यांचे आवाज पुढच्या काळासाठी जपून ठेवायचे म्हणून संग्रहालयाच्या सभागृहात महिनाभराहून जास्त काळ एकेक सूर ध्वनिमुद्रित केला गेला. आजूबाजूचे रस्ते वाहनांना बंद केले, महापौरांनी लोकांना आवाज न करण्याची विनंती केली, आणि गुणगुण नको म्हणून सभागृहातले दिवेसुद्धा काढून ठेवले. मुद्रित झालेल्या चार वाद्यांत स्त्रादिवारीची दोन, ग्वार्नेरीचं एक आणि आंद्रेआच्या मुलाने, जिरोलामोने, १६१५ साली केलेला एक व्हियोला होता. वादक एक सूर लावायचा, तो पूर्ण विरेपर्यंत गज उचलून थांबायचा, मग पुढचा सूर.